पस्तीस अंश

३ मार्च

भिंगरीस,

वर 'चिरंजीव' घालणार होतो, मग म्हटलं सहा वर्षांनी पहिलं पत्र आणि सुरुवातच कडक इस्त्रीची नको. पाकिटावर माझं अक्षर पाहून तू ते न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता आईकडून लिहून घेतला. तिला सांगितलं, हात दुखतोय. तिने माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि लिहून दिला.

घरी ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, तीही कुरकुरते, दोघांचं बरं चाललंय. दर रविवारी ती तुझ्याशी फोनवर बोलते तेव्हा स्वयंपाकघराचं दार लावून घेते. मी बाहेर पेपर वाचत असतो. पेपर कधीकधी उलटा असतो असं तिचं म्हणणं आहे, पण तिच्या सगळ्याच म्हणण्यावर विश्वास ठेवू नकोस.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी पाणी शुद्धीकरण केंद्रावरची माझी फेरी सुटलेली नाही. माझ्या जागी आता एक बाई ऑपरेटर आहेत. हुशार आहेत, फक्त कुठला व्हॉल्व्ह उलटा फिरतो हे कुठल्याच नकाशात नाही, ते माझ्या मनगटालाच माहीत आहे, म्हणून त्या मला बोलावतात. परवा बोलावलं ते मागच्या जुन्या निवळण हौदासाठी. नवं केंद्र झाल्यापासून तो बंदच आहे, नदीचं कच्चं पाणी तेवढं एका फुटक्या पाइपातून आत झिरपतं. तो बुजवून तिथे नवे फिल्टर बसवायचेत. पाइप कुठे फुटलाय ते पाहायला मी पायऱ्या उतरून खाली वाकलो.

तळाला एक फुटकं कौल पडलं होतं आणि कौलाच्या तोंडाशी एक मासा बसला होता. बोटभर लांब, अंगापेक्षा डोकं मोठं, पाठीवरच्या पंखाला नारिंगी कड. काठी पुढे केली तर पळायचं सोडून तो काठीलाच धडकला. अंड्यांवर बसलेला नर असा वागतो आणि पिल्लं निघेपर्यंत तोंडात काही घालत नाही, हे तूच मला शिकवलं होतंस.

राखण्या आहेत, भिंगरी. आपल्या हौदात.

नदीतले शेवटचे छत्तीस राखण्या मासे तू कॉलेजच्या अभ्यासासाठी आणले होतेस. त्यानंतर कुणाला एक दिसला नाही. त्या दिवशी लाईट गेली आणि जे झालं ते झालं, तो विषय मी काढत नाही. पण हौद पंधरा एप्रिलला बुजवणार आहेत. काय करायचं ते सांग. माझ्याशी बोलायचं नसेल तर आईला सांग.

बाबा


११ मार्च

भिंगरीस,

तुझे प्रश्न पोचले. आईने ते कॅलेंडरच्या मागच्या पानावर उतरवून घेतले आणि माझ्यापुढे परीक्षेचा पेपर ठेवावा तसे ठेवले. 'किती आहेत, खोली किती, तापमान किती, दिवसातून तीनदा मोजा, अंदाज लिहू नका.' शेवटचं वाक्य तुझं की तिचं ते कळलं नाही. दोघींचा सूर हल्ली एकच येतो.

उत्तरं क्रमाने लिहितो. मासे आधी वरून मोजले तेव्हा सत्तावन्न झाले. ऑपरेटर बाई म्हणाल्या, "काका, त्यातली निम्मी पानं आहेत." मग तू नदीत करायचीस तसं केलं. वीस कौलं दोरीला बांधून तळाला सोडली, तीन दिवस हात लावला नाही. चौथ्या दिवशी एकोणीस कौलांखाली एकेक नर बसलेला होता. विसाव्याखाली खेकडा. तो रिकामं करायला तयार नाही.

म्हणजे नर एकोणीस नक्की. माद्या आणि लहान मासे वेगळे.

खोली एका टोकाला गुडघाभर, दुसऱ्या टोकाला छातीभर. बहुतेक सगळे गुडघाभर पाण्यात आहेत, कारण दगड आणि कौलं तिकडेच पडलीत. तापमान सकाळी सातला चोवीस, दुपारी तीनला पस्तीस, संध्याकाळी तीस. पाच दिवसांचे आकडे वेगळ्या कागदावर जोडले आहेत. थर्मामीटर केंद्राचा आहे, गेल्याच महिन्यात तपासून आलाय.

मत्स्य विभागात अर्ज दिलाय. तिथले साहेब गुरुवारी पाहायला येतो म्हणालेत. आई विचारते, दूध तपासायच्या त्या नोकरीत तुला दुपारचं जेवायला तरी वेळ मिळतो का. मी विचारत नाही, ती विचारते.

बाबा


२० मार्च

भिंगरीस,

साहेब आले, हौद पाहिला, मासे पाहून खरोखर हरखले. बूट काढून पँट दुमडून पाण्यात उतरले. मला वाटलं, झालं काम. मग वर येऊन पाय पुसता पुसता म्हणाले, "काका, मासे आहेत हे उत्तमच. पण हलवायला परवानगी देता येणार नाही."

मी म्हटलं, का?

त्यांनी बॅगेतून एक अहवाल काढला. वर तुझं नाव. मी ते नाव छापलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यातलं एक वाक्य त्यांनी पेन्सिलीने अधोरेखित केलं होतं. पाण्याचं तापमान पस्तीस अंशांवर जाताच सर्व छत्तीस मासे मेले, ही जात बंदिस्त पाण्यात टिकत नाही, यापुढे तसा प्रयत्न करू नये.

"तुमच्याच मुलीचं मत आहे," ते म्हणाले. "या माशावर एवढं काम दुसऱ्या कुणी केलेलं नाही. मी हे मासे टाकीत घालून मारले तर मला कोण सोडेल?" आणि नदीत सोडायचं म्हटलं तर खालच्या अंगाला आता दगडच उरलेले नाहीत, सगळा तळ उपसून नेलाय. म्हणजे हलवायचेही नाहीत आणि ठेवायचेही नाहीत. पंधरा एप्रिलला मुरमाच्या गाड्या येतील.

माणूस वाईट नाही. कागदावर आहे तेच त्याने वाचलं.

मी दिवसभर विचार केला. तुझ्या त्या अहवालात थोडीशी चूक असू शकते, असं तुला कळवता येईल का त्यांना? नवीन माहिती हाती आली वगैरे? तुमच्या शास्त्रात तसं करतात ना? फार काही नाही, दोन ओळी पुरतील.

बाबा


२४ मार्च

भिंगरीस,

तुझं कार्ड आलं. सहा वर्षांत तुझ्या हाताने मला लिहिलेल्या या पहिल्या तीन ओळी. आईने त्या माझ्याआधी वाचल्या होत्या.

'मला सांगितलं गेलं तेच मी लिहिलं. खोटी दुरुस्ती करणार नाही. हौदात पस्तीस अंशांना मासे अंडी घालतात, तर माझे पस्तीस अंशांना का मेले?'

मला काय माहीत? मी काही शास्त्रज्ञ नाही. आपला घरचा थर्मामीटर जुना होता, चुकला असेल. टाकी लहान होती, हौद मोठा आहे. सहा वर्षांपूर्वीच्या एका दुपारचं सगळं कसं आठवणार? लाईट चार तास नव्हती हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, कुणालाही विचार.

आणि तू मला आरोपीसारखे प्रश्न विचारू नयेस असं वाटतं.

बाबा


२६ मार्च

भिंगरी,

परवाचं पत्र फाडून टाक. किंवा टाकू नकोस, ठेव. माणूस किती वेळ खोटं रेटू शकतो याचा तो नमुना आहे.

मला सगळं आठवतं. आज सकाळी आईला भाजी निवडताना सांगितलं, आता तुला लिहितोय. एका दमात लिहितो, नाहीतर पुन्हा थर्मामीटरवर घसरेन.

कॉलेजची प्रयोगशाळा रंगकामाला काढली म्हणून तू टाक्या आपल्या मागच्या खोलीत आणल्या होत्यास. तीन दिवस बाहेरगावी जाताना मला एकच काम सांगितलंस. निळा ड्रम नळाच्या पाण्याने भरून दोन दिवस उन्हात ठेवा, म्हणजे क्लोरीन उडून जाईल, आणि टाकीत घालायचं झालं तर तेच पाणी घाला. मी हो म्हटलं. पण मला राग आला होता. एकतीस वर्षं मी या शहराला पाणी पाजलं. तान्ह्या बाळांच्या बाटलीत माझं पाणी जातं, दवाखान्यात जातं, आणि माझीच पोरगी म्हणते की ते माशांना चालणार नाही. क्लोरीन काय असतं हे मला तू शिकवायचं? मी ड्रम भरलाच नाही. नंतर भरू म्हणत राहिलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. हवेचा पंप बंद पडला, खोली तापली, मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. ड्रम कोरडा. मी घाबरलो आणि नळाला पाइप लावून दोन्ही टाक्यांत सोडलं. गार पाणी मिळालं की तरतील एवढंच डोक्यात होतं.

आता सगळ्यात वाईट ते ऐक. त्या आठवड्यात नदी गढूळ होती. त्याच दिवशी सकाळच्या पाळीत क्लोरीनचा डोस दुप्पट केला होता, तो मी. रजिस्टरमध्ये माझी सही आहे. सकाळी स्वतःच्या हाताने चाक फिरवलं आणि दुपारी तेच पाणी तुझ्या माशांवर सोडलं. आपल्या केंद्राच्या कपाटात हायपोची बरणी होती. चिमूटभर खडे टाकले की क्लोरीन मरतं, नमुना तपासताना आम्ही रोज वापरायचो. सायकलने दहा मिनिटं. ते आठवलं तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता.

वीस मिनिटांत संपलं. आधी वेड्यासारखे धावले, मग कुशीवर झाले. एक नर कौलाखाली अंड्यांवर होता, तो तेवढा बाहेर आला नाही. कौल उचललं तेव्हा तिथेच होता.

तू संध्याकाळी यायच्या आत मी टाक्या उपसून धुतल्या. तुला वाटलं, बाबांनी घाण वास येऊ नये म्हणून साफ केलं. तू विचारलंस, तापमान किती झालं होतं? मी पस्तीस म्हटलं. मी थर्मामीटर पाहिलाच नव्हता. ऐकायला खरा वाटेल असा आकडा तोंडाला आला तो दिला, आणि तू तो वहीत लिहिलास. पंपाला जोडायची बॅटरी वेळेवर घेतली नाही म्हणून तू स्वतःला दोष देत बसलीस आणि मी देऊ दिला. वर आठ दिवसांनी तू रडलीस तेव्हा म्हटलं, "मासेच होते, माणसं नव्हती." त्या वाक्याने तू घर सोडलंस असं सगळे समजतात. ते वाक्य माझ्या तोंडून का आलं हे आज फक्त तुला आणि आईला माहीत आहे. तू माझ्याकडे टक लावून पाहत होतीस आणि मला वाटलं, हिला कळलं. म्हणून ओरडलो.

तुझा अहवाल चुकला नाही. तुला दिलेला आकडा चुकीचा होता. ते मासे उष्म्याने मेले नाहीत, टाकीत ठेवल्यामुळेही मेले नाहीत, माझ्या नळाच्या पाण्याने मेले. राखण्या टाकीत जगतो की नाही हे कुणी अजून नीट पाहिलेलंच नाही.

तू मत्स्य विभागाला लिही अथवा लिहू नकोस. मी उद्या त्या दिवसाच्या रजिस्टरची नक्कल घेऊन साहेबांकडे जातो आणि लेखी देतो. तू ते माझ्याकडून आधी ऐकावंस म्हणून हे पत्र. माफी मागतो असं लिहिलं आणि खोडलं, कारण ती मागून मी मोकळा होईन आणि तू तिथेच राहशील. पण मला फार वाईट वाटतं, भिंगरी. सहा वर्षं रोज वाटतंय.

बाबा


८ एप्रिल

भिंगरीस,

तेरा दिवस तुझं काही आलं नाही. या रविवारी आई फोनवर नुसतं 'हं, हं' करत होती आणि दार उघडं होतं. तिने माझ्याशीही चार दिवस अबोला धरला होता. पाचव्या दिवशी म्हणाली, "तिच्या बाजूने रुसले होते. आता चहा घ्या."

साहेबांना लेखी दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, मग चष्मा काढून विचारलं, "काका, हे तुम्ही कशाला दिलंत? कुणी विचारलं नव्हतं." मी म्हटलं, माशांनी विचारलं होतं. ते हसले नाहीत, पण खुर्ची पुढे सरकवली. म्हणाले, एका बाजूने कागद भागत नाही, अहवाल लिहिणाऱ्यांनी तो मागे घ्यायला हवा. तरी मी तुला कळवलं नाही. तुला आणखी एक शब्द लिहायचा नाही असं मी ठरवलं होतं.

काल त्यांचा फोन आला. तुझं पत्र त्यांच्याकडे पोचलं होतं. जुना निष्कर्ष रद्द, कारण दिलेली माहिती सदोष होती, मासे हलवायला हरकत नाही, सोबत सहा पानी सूचना. परवानगी मिळाली. ठेकेदाराला वीस तारखेपर्यंत थांबवलंय. ऑपरेटर बाईंनी ऐकलं आणि थेट हौदावर जाऊन त्या खेकड्याला सांगून आल्या.

आणि आज पार्सल. मी खुर्चीवर बसून उघडलं. भुश्शात गुंडाळलेली काचेची बरणी, आत पांढरे खडे. वर तुझ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली: 'हायपो. दहा लिटरच्या बादलीला दोन खडे, ढवळून पाच मिनिटं थांबा.' बाकी पत्र नाही, नमस्कार नाही. बरणी पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली. मागच्या बाजूला आणखी एक ओळ होती, बारीक.

'मी शुक्रवारी येते. तोवर नळाला हात लावू नका.'

बरणी आईच्या हातात दिली. तिने ती ओळ वाचली आणि तुझ्या खोलीतली ट्रंक ओढून बाहेर काढायला घेतली, गुडघ्याचं नाव न घेता. मी नळाला हात लावलेला नाही. आज हात धुवायलासुद्धा आईला नळ सोडायला सांगितला. ती म्हणते, आता अति होतंय.

बाबा


३० मे

भिंगरीस,

सूचना पान चारप्रमाणे साप्ताहिक नोंदी वेगळ्या कागदावर आहेत. हे पत्र नोंदीत न बसणाऱ्या गोष्टींचं.

केंद्रावर डोसच्या जुन्या खोलीत आपण माशांसाठी मांडलेल्या चारही टाक्या ठीक. पाणी तू दाखवलेल्या व्हॉल्व्हवरून, क्लोरीन मिसळायच्या आधीचं. निळा ड्रम तरीही रोज भरून उन्हात ठेवतो. गरज नाही हे मला कळतं, मला तो भरलेला पाहायचा असतो. तुझ्या कॉलेजने नेलेले वीस मासेही बरे आहेत, तिथल्या मॅडमनी कळवलं. त्या म्हणाल्या, जूनपासून तू कॉलेजात परत येते आहेस. आईला हे तुझ्याकडून कळेपर्यंत मी तोंड बंद ठेवलंय, तेव्हा लवकर सांग. फार दिवस जमणार नाही.

बसच्या दारात तू मला जे म्हणालीस तेही मी आईला सांगितलेलं नाही. "राग गेलेला नाही, बाबा. पण लिहीत जा." चार दिवस आपण दोघं कंबरभर पाण्यात उभे होतो आणि जाळी, बादली, सावकाश यापलीकडे बोललो नाही. मी सगळा वेळ वाट पाहत होतो की तू केव्हा ओरडशील. राग आहे तर राहू दे. जागा आहे घरात.

आता मुख्य बातमी. दोन नंबरच्या टाकीत बारा दिवसांपासून एक नर कौलाखाली होता. टाकलेलं खाणं तसंच पडून राहायचं, मी काढून घ्यायचो. आज सकाळी गेलो तर तो कौलाच्या बाहेर आला होता आणि खात होता, अधाशासारखा. मी बॅटरी मारून कौलाखाली पाहिलं. पिल्लं होती. डोळे तेवढे दिसतात, बाकी काच. ऑपरेटर बाईंना अशी हाक मारली की त्यांना वाटलं मी पडलोबिडलो.

पोहायला लागेपर्यंत मोजू नका असं तू सांगितलं होतंस. मोजली. पहिल्यांदा एकशे बारा आली, दुसऱ्यांदा एकशे सात. एकशे बारा लिहावंसं वाटलं. तुझ्या वहीसाठी दोन्ही आकडे देतो.

बाबा